गुरुवारचा पेशंट

वर्धा

प्रिय काजल,

अक्षर ओळखलंस ना? नसशील तर शेवटची सही आधी बघून घे, आणि मग खुर्चीत नीट बसून वाच. पत्र मुद्दामच तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे, घरच्या नाही. तुझ्या सासरच्यांच्या लेखी मी लग्नाआधीच वारलो आहे, आणि मेलेल्या माणसाचं पत्र दारात आलं तर तुझ्या सासूबाईंना भोवळ यायची. पत्ता रूपराव मामानं दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच त्याचं डोकं खाल्लं. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून आताच सांगतो, मला पैसे नकोत आणि तुझ्याकडे राहायलाही यायचं नाही. एक मागणं मात्र आहे. त्यासाठी तुला माझी मुलगी म्हणून चार लोकांत उभं राहावं लागेल, आणि त्यापायी तुझ्या घरात काय होऊ शकतं ते मला कळतं. म्हणून बाकीचं सगळं आधी लिहितो आणि मागणं शेवटी. मध्येच पत्र मिटून ठेवावंसं वाटलं तर ठेव, मला कळणारही नाही.

आधी एक गंमत ऐक. तुझा बाप मेडिकल कॉलेजात शिकवतो. हसू नकोस, खरं आहे. दर गुरुवारी दुपारी कॉलेजची गाडी निवाऱ्याच्या दारात येते. निवारा म्हणजे घर नसलेल्यांसाठी कॉटा टाकलेली एक मोठी खोली आहे, तिथं मी सध्या असतो. मी दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार होतो, आणि तिथं पोचलो की यामिनी मॅडम तो सदरा उतरवून मला मळका घालायला लावतात, कारण वर्गात मला रस्त्यावरचा माणूस व्हायचं असतं. मॅडम तिथल्या मोठ्या डॉक्टर आहेत. उघड्यावर राहणाऱ्या माणसाजवळ कसं जायचं, कसं बसायचं, काय विचारायचं, हे पोरांना शिकवायचं त्यांनी मनावर घेतलंय. मी खुर्चीवर पेशंट होऊन बसतो, पोरं एकेक करून आत येतात आणि मला तपासायचा सराव करतात. कधी मी दारू प्यायलेला असतो, कधी शब्दही न बोलणारा, कधी उगाच शिव्या देणारा. शिव्यांचं काम मी फार चोख करतो असं मॅडम म्हणतात. सगळं आयुष्य छापखान्यात गेलं, त्याचा एवढा तरी उपयोग झाला.

छापखाना तुला आठवत असेल. मला तर तिथला एक दिवस अजून जसाच्या तसा दिसतो. तू शाळेतून परस्पर तिकडे आलीस आणि त्याच दिवशी मला पहिला झटका आला. मी छपाईच्या खिळ्यांच्या केसवर, त्या खणाखणांच्या ट्रेवर, कोसळलो आणि सगळे शिशाचे खिळे जमिनीवर सांडले. शुद्धीवर आलो तेव्हा मालक माझ्या नाकाशी चप्पल धरून उभे होते, आणि तू रडत रडत एकेक खिळा उचलून खणात टाकत होतीस, बहुतेक चुकीच्याच खणात. पुढे महिनाभर लग्नपत्रिकांत भलतीच अक्षरं येत राहिली. कुणाच्या तरी आत्याबाईंचं नाव असं काही छापून गेलं की त्या भांडायला दुकानात आल्या. मालक तुझ्यावर चिडले होते, मी मात्र कधी चिडलो नाही. तू त्या वेळी सहावीत होतीस.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. झटके वाढत गेले, छापखाना बंद पडला, आणि तुला स्थळं यायला लागली तशी ती परतही जायला लागली. मुलाकडचे चहा पिऊन जायचे आणि वाटेत कुणीतरी त्यांच्या कानावर घालायचं की पोरीच्या बापाला मिरगी आहे, रक्तातच असते ती. तुझी आई देवासमोर बसून राहायची. गिरडच्या टेकडीवर बाबांच्या दर्ग्यात गुण येतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून मी तिकडे गेलो, आठवडाभरासाठी. तिथंच राहिलो. झटका आला तर तिथं कुणी घाबरत नसे, आजूबाजूची माणसं धरून ठेवायची आणि मग पाणी पाजायची. एक दिवस रूपराव मामा आला. पायऱ्यांवर माझ्याजवळ बसला. म्हणाला, "भाऊजी, वाईट नका वाटू देऊ. पोरीचं जमून राह्यलं. पण मुलाकडच्यायले आमी सांगतलं, का तुमी आता नाई म्हणून." आणि रडायला लागला. त्यानं खिशातून पत्रिका काढली. माझ्या नावाआधी कै. होतं. कागद बरा वापरलाय, पण मजकूर थोडा उजवीकडे सरकलाय, एवढंच मी बोललो.

तुझ्या लग्नाला मी आलो होतो, काजल. हे मामालाही माहीत नाही. हॉलच्या समोर पानठेला होता, त्याच्या आडोशाला उभा होतो. तू गाडीत बसताना मान वळवून वळवून सगळीकडे बघत होतीस. कोणाला शोधत होतीस ते मला कळत होतं. पुढे यावंसं फार वाटलं, पण मग तुझ्या आईकडे नजर गेली. ती दाराशी उभी होती, कपाळ मोकळं, गळा मोकळा. तुझं जमावं म्हणून जित्या नवऱ्याचं कुंकू तिनं आपल्या हातानं पुसलं होतं. एवढं करून उभी असलेल्या बाईसमोर मी कोणत्या तोंडानं जाणार होतो? मी तिथून स्टेशनवर आलो आणि मिळेल त्या गाडीनं वर्ध्याला उतरलो. त्यानंतर तिचा एकच निरोप मामाकडून आला, "जेवत जा म्हणा त्यायले." तो निरोप मी अजून पाळतो, निदान पाळायचा प्रयत्न करतो.

वर्ध्याला कापूस बाजारामागे एक बंद पडलेलं शेड होतं, तिथं पथारी टाकली. शेजारची पथारी तानबाची होती. तानबा सेलूकडचा, हमाली करायचा, पायावर पोतं पडून जखम झाली होती ती कधी भरलीच नाही. आम्ही दोघं एका चुलीवर खायचो. मला झटका आला की तो माझं डोकं मांडीवर घ्यायचा, आणि मग दिवसभर मला ऐकवायचा की मधुकरराव, तुमचं डोकं लय जड आहे बा, येवढं काय भरून ठेवलं आतमंदी. नातं विचारशील तर काहीच नव्हतं. एका भिंतीला दोघांची डोकी होती, एवढंच.

तिथं एका सकाळी यामिनी मॅडम पोरांना घेऊन आल्या. गुंजन नावाची एक मुलगी होती त्यांच्यात, पहिल्या वर्षाची, तुझ्यासारखीच घाईनं बोलणारी. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तिनं मला समजावून सांगितलं की या दोन गोळ्या, एक सकाळच्या नाश्त्यानंतर, एक रात्रीच्या जेवणानंतर, आणि काका, जागरण अजिबात करायचं नाही. मला हसू आलं. तानबा तर लोळायलाच लागला. शेडमध्ये कुत्री, डास, अधूनमधून बॅटरी मारून उठवणारे पहारेकरी, आणि जेवणाचं म्हणशील तर ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी ते रात्रीचंच. गुंजन गोरीमोरी झाली. मॅडम मात्र पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, मग कसं जमेल ते तुम्ही सांगा. आम्ही बसून ठरवलं. गोळी जेवणाशी बांधायची नाही, सकाळी बाजाराचा भोंगा होतो आणि संध्याकाळी नागपूरची गाडी जाते, त्या दोन आवाजांशी बांधायची. गुंजननं रोज येऊन विचारायचं कबूल केलं आणि खरंच येत राहिली. हे माझं एकट्याचं डोकं नव्हतं, गाडीचं तिलाच सुचलं होतं.

आणि काजल, झटके थांबले. एकदम नाही, पण पावसाळा सरेपर्यंत थांबले. त्या दिवसांत मी फार रडलो. तानबा विचारायचा, "बरं झालं तं काऊन रडून राह्यले आता?" त्याला काय सांगणार? दिवसाला दोन गोळ्या, एवढंच होतं ते. तुझी मोडलेली स्थळं, तुझ्या आईचं कपाळ, गिरडच्या पायऱ्या, सगळं त्या दोन गोळ्यांवाचून झालं होतं, आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुठं विचारायला गेलो नाही, कारण आपल्याकडे ते लपवायचं असतं.

तिथून मी गुरुवारचा पेशंट झालो. मॅडमनीच विचारलं की वर्गात येऊन बसाल का. मला तर मौजच वाटली. नाटकात काम करायची हौस होती, ती म्हातारपणी फिटली. पण प्रत्येक पोरगं खोलीत आलं की नाव झाल्यावर पत्ता विचारायचं, आणि पत्त्यानंतर विचारायचं, घरी कोण कोण असतं? मी म्हणायचो, कोणी नाही. तसंच म्हणायचं ठरलेलं होतं. एका दुपारी किती वेळा म्हणायचो कोण जाणे. संध्याकाळी शेडमध्ये परतलो की ते दोन शब्द माझ्या जिभेवर बसलेले असायचे. मग एकदा गुंजनची पाळी आली. तिनं खुर्ची बाजूला सारून माझ्यापेक्षा खाली बसायचं स्टूल घेतलं, पत्ता विचारलाच नाही, आणि म्हणाली, "काका, तुमची आठवण कोण काढत असेल?" माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. नाटक विसरलो मी. किती वर्षांनी ते नाव मोठ्यानं उच्चारलं होतं, आणि तेही परक्या पोरांसमोर. मॅडमनी वर्ग थांबवला, मला चहा दिला. आता तिथली सगळी पोरं हाच प्रश्न विचारतात. उत्तर मी कोणालाच पुन्हा दिलं नाही.

तानबाचं मात्र बरं झालं नाही. गुंजन एक दिवसाआड त्याच्या पायाचं ड्रेसिंग करायची. पाय मांडीवर घेऊन करायची, नाक न मुरडता. तानबा मला हळूच म्हणायचा, "डाक्टरीन बाईनं माहा पाय मांडीवर घेतला. माह्या मायनं बी येवढा जपला नसन." थंडीत जखम चिघळली, ताप भरला. त्याला दवाखान्यात नेलं, पण तो तिथून आला नाही. मी गेलो त्याला आणायला. शेडमधल्या दोघांना घेऊन, हार घेऊन. तिथल्या माणसानं विचारलं, नातं काय? मी म्हणालो, शेजारी. तो म्हणाला, असं चालत नाही बाबा, रक्ताचं कोणी आणा. तानबाचं रक्ताचं कोण होतं, सेलूत होतं की कुठं होतं, मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो आणि ते कधी विचारलं नाही, त्याला दुखेल म्हणून. हार तसाच परत आणला.

पुढे मी शेड सोडून निवाऱ्यात राहायला आलो. काही महिन्यांनी एका दुपारी गुंजन तिथं आली. गुरुवार नव्हता. कॉटवर माझ्याजवळ बसली आणि तिनं सांगितलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना माणसाचं शरीर आतून शिकायचं असतं, त्यासाठी हॉलमध्ये मृतदेह ठेवलेले असतात. ज्यांनी मरणाआधी देहदान केलं, त्यांची नावं सुरुवातीला मोठ्यानं वाचतात आणि सगळी पोरं हात जोडून उभी राहतात. आणि ज्यांना न्यायला कोणी आलं नाही, तेही तिथंच येतात, पण त्यांना नाव नसतं. तिच्या वाट्याला नवं टेबल आलं. चेहरा ओळखू येत नव्हता. पायावरचं कापड सरकलं आणि तिनं तो पाय ओळखला. ती म्हणाली, "काका, मी सगळ्यांना सांगितलं, यांचं नाव तानबा आहे. चारपाच जणांनी हात जोडले. बाकीच्यांना कळलंच नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शिक म्हटलं त्याच्यावर, त्याला आवडलं असतं. म्हटलं, तुझ्या हातात त्याचा पाय आहे याचा तर त्याला गर्वच वाटला असता. ती रडत होती आणि मीही.

आता माझं. मॅडमच्या वर्गात आणखी एक धडा असतो, वाईट बातमी कशी सांगायची. त्यातही मीच पेशंट. पोरं मला खोटीखोटी बातमी देतात आणि मी ती ऐकून घेतो. कोणी छताकडे बघून सांगतं, कोणी पटकन सांगून पळतं. मी त्यांना म्हणायचो, अरे, आधी बसा, पाण्याचा पेला जवळ ठेवा, फोन आत टाका, आणि गप्प राहायला शिका. गेल्या महिन्यात माझ्या पोटाची तपासणी झाली होती, अन्न खाली उतरत नव्हतं म्हणून. नंतरच्या गुरुवारी वर्ग संपल्यावर गुंजन मॅडमसोबत आत आली. तिनं स्टूल ओढलं. पाण्याचा पेला माझ्याजवळ ठेवला. फोन पिशवीत टाकला. आणि गप्प बसली. तिनं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं, काजल. सगळं अगदी बरोबर करत होती पोर, कुठंच चुकली नाही. मी तिला म्हणालो, पास झालीस. मग तिला पाणी मीच पाजलं. पोटात गाठ आहे आणि ती पसरली आहे. औषध चालू आहे, दुखू नये म्हणून. दिवाळी बघेन असं मॅडम म्हणत नाहीत, आणि खोटं बोलण्याची त्यांना सवय नाही.

तर आता मागणं. मला माझा देह या पोरांना द्यायचा आहे. असल्या पोटाचा उपयोग होईल का, असं मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. पण मी कितीही लिहून दिलं तरी शेवटी जवळच्या माणसानं येऊन सांगावं लागतं की हो, हे आमचे आहेत, घ्या. कोणी आलं नाही तरी मी बहुधा त्याच हॉलमध्ये जाईन, तानबाच्याच वाटेनं. टेबल तेच असेल, नाव नसेल. गुंजन तोवर पुढच्या वर्गात गेलेली असेल, माझं नाव सांगायलाही तिथं कोणी नसेल. मी जिवंत असताना तू येऊ नकोस. मला बघून तुला त्रास होईल, आणि तुला बघून मला मरावंसं वाटणार नाही. मॅडमकडे तुझ्या शाळेचा नंबर दिला आहे, त्या निरोप देतील तेव्हा ये. फक्त एवढंच म्हण की हे माझे वडील, हे आज गेले. तुझ्या सासरी हे कळेल, वादळ होईल, म्हणून नाही आलीस तरी मी तुला बोल लावणार नाही, खरंच. पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. तुझी आई पोळ्याच्या सुमारास गेली हे मला दिवाळीनंतर कळलं. मामानं सांगितलं, पांढरं लुगडं नेसवून नेली. काजल, ती सवाष्ण गेली गं. नवरा इथं वर्ध्यात जिवंत होता, तिच्या निरोपाप्रमाणे जेवत होता, आणि तिला हिरवं लुगडं नाही, कुंकू नाही, कोणी ओटी भरली नाही. मला असल्या गोष्टींचं फारसं कधी वाटलं नाही, पण तिला वाटायचं, फार वाटायचं. तू चार लोकांत उभी राहून, बाबा आज गेले, असं म्हणालीस, की आई त्यांच्याआधी गेली हेही खरं होईल. त्या दिवशी येताना पिशवीत चिमूटभर कुंकू आणि आईचा फोटो आण. तिच्या फोटोला लाव, आणि मग घरी जा.

नेहमीच तुझा, आणि आता शेवटपर्यंत तुझाच,
बाबा